टाकी किती लिटरची?

उलटी ठेवलेली होडी लांबून पाण्याच्या टाकीसारखी दिसते, हे मला मान्य आहे. पण लांबून. हातभर अंतरावर उभं राहून, बुडाच्या कण्याला आपली छत्री अडकवून जो "टाकी किती लिटरची?" असं विचारतो, त्याचं काय करायचं हे फायबरग्लासच्या कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. रेझीन घट्ट करणारं हार्डनर डोळ्यांत उडालं तर काय करायचं ते असतं. वासाचं काय करायचं तेही असतं. शेजारच्या काकांबद्दल चकार शब्द नाही.

आणि वेळ कोणती निवडली, तर माझ्या हातात ५०० ग्रॅम रेझीनचा (काचेच्या धाग्यांना बांधून ठेवणारा चिकट द्रव) मग आणि त्यात हार्डनर नुकतंच ढवळलेलं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना आधी एक आकडा सांगतो, कारण माझा सगळा संताप त्याच्यावर उभा आहे. पॉलिएस्टर रेझीनमध्ये हार्डनर, म्हणजे एमईकेपी, वजनाच्या १ ते २ टक्के घालतात. मी दीड टक्का घेतलं होतं, ५०० ग्रॅमला साडेसात ग्रॅम. हे वजनकाट्यावर नाहीतर सिरिंजनं मोजायचं, अंदाजानं धार सोडायची नाही. फार कमी पडलं तर रेझीन अर्धकच्चं राहतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी धड कडक होत नाही. जास्त झालं तर मगातच तापून तडकतं. प्रमाण बरोबर असेल तर ढवळल्यापासून साधारण पंधरा ते वीस मिनिटं तुमची. उकाडा असेल तर त्याहून कमी. त्यानंतर ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

"टाकी नाही, होडी आहे काका."

"होडी?" काकांनी छत्री काढून दुसऱ्या बाजूला अडकवली, जणू तिकडून ती जास्त होडीसारखी दिसणार होती. "मग उलटी का?"

"बुडाचं काम चाललंय."

"बुडाली होती का?"

"नाही हो. बूड. तळ."

"तेच ते. बूड असतं म्हणूनच बुडते."

यावर विचार करण्यात माझी तीन मिनिटं गेली. खरं तर त्याच वेळी मी रेझीन पसरट ट्रेमध्ये ओतायला हवं होतं. सेट होताना रेझीन स्वतःच तापतं. ट्रेमध्ये पातळ थर असला की उष्णता निघून जाते आणि चार मिनिटं जास्त मिळतात. मगात ती मधोमध कोंडते, कोंडली की क्रिया वेग धरते, वेग आला की आणखी तापतं. हे सगळं मला पाठ आहे. पण माणूस समोर बोलत असताना त्याच्याकडे पाठ फिरवून ट्रे शोधायला जायचं नसतं, असं लहानपणी शिकवलेलं असतं आणि ते नेमकं अशा वेळी आठवतं.

"हे भोक कशानं पडलं?"

"पडलं नाही. मी पाडलंय."

काकांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला करुणा म्हणतात.

आता हे उभ्या उभ्या समजवायचं कसं? चीर होती बोटभर. पण स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं आजूबाजूला ठोकत गेलं की चांगल्या जागी टणटण वाजतं आणि जिथे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे भद्द. भद्द वाजलं तेवढं सगळं कापून काढावंच लागतं. मग कडेचा उतार, एकास बारा. म्हणजे पत्रा (फायबरचाच, पण सवयीनं पत्रा म्हणतात) ६ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर घासत घासत शून्यावर न्यायचं. नवा थर जुन्याला धरून ठेवतो तो या उतारावर, भोकात नाही. बोटभर चिरेची परातीएवढी जखम होते ती अशी, आणि बघणाऱ्याला वाटतं डॉक्टरच रोगी मारतोय.

"त्यापेक्षा थोडी लांबी भरून टाकायची," काका म्हणाले. "आमच्या साडूंनी गाडीला भरली होती. कळत नाही."

गाडीला कळत नाही, कारण गाडी रात्रंदिवस पाण्यात उभी नसते. पॉलिएस्टरच्या त्या लांबीत, म्हणजे पुट्टीत, शंखजिऱ्याची पूड असते, पाण्याखाली ती ओलावा धरते आणि कधीतरी खपली धरून सुटते. शिवाय तिच्यात धागा नाही. ती खड्डा भरते, ताकद देत नाही. हे बोलायला मी तोंड उघडलं तेव्हा हातातला मग कोमट लागायला लागला होता.

"काका, जरा एवढं लावून घेऊ का?"

"लावा की. मी कुठे धरलंय तुम्हाला?"

धरलं नव्हतं. ते फक्त माझ्या आणि भोकाच्या बरोबर मध्ये उभे होते आणि एका बाटलीवरची चिठ्ठी चष्मा वर करून वाचत होते. "आणि या दोन बाटल्या कशाला? हे थोडं, ते थोडं, सारखं मोजत बसायचं. एकदाच एकत्र करून ठेवली की झालं."

इथे मात्र चेष्टा संपली. एका बाटलीत हार्डनर आणि दुसऱ्या बाटलीत त्याला चालना देणारं कोबाल्ट होतं. कोबाल्ट आणि एमईकेपी एकमेकांत थेट मिसळले तर आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. काही रेझीनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं येतं. नसेल तर आधी ते रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचं आणि मगच हार्डनर. दोन बाटल्या शेजारी शेजारीसुद्धा ठेवायच्या नाहीत, आणि एकच सिरिंज दोन्हींत बुडवायची नाही. मी किती जोरात ओरडलो ते मला माहीत नाही, पण छत्री खाली पडली.

"एवढं रागवायला काय झालं?" काका म्हणाले. "मी आपलं सुचवलं."

मी माफी मागितली. माफीला दीड मिनिट लागलं. मग ब्रश उचलला तर ब्रशबरोबर मगही वर आला.

"धूर येतोय," काकांनी माहिती पुरवली. "हे तुम्हाला येतं ना नक्की करायला?"

तो मग उघड्यावर मातीत नेऊन ठेवला, असिटोनच्या डब्यापासून लांब. आत काहीतरी टचकन फुटल्याचा आवाज झाला. मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, कापून ठेवलेले तुकडे कोरडेच राहिले.

कापून नव्हे, फाडून. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मॅटची कड कात्रीनं कापली की थराला पायरी पडते आणि ती नंतर घासत बसावी लागते. हातानं फाडली की कडेचे धागे विरळ होत जातात आणि थर खालच्यात मिसळून जातो. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर सेट झाल्यावर साधारण मिलिमीटरभर भरतो, म्हणजे माझ्या भोकाला सहा थर. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझीन लागतं. विणलेलं कापड असेल तर कापडाच्या वजनाएवढंच पुरतं. आधी पृष्ठभागावर रेझीन लावायचं आणि मग त्याच्यावर मॅट ठेवायची, म्हणजे रेझीन खालून वर चढतं आणि हवा पुढे ढकलली जाते. उलटं केलं तर हवा खाली अडकते आणि पांढरे ठिपके राहतात. त्यानंतर खाचांचा रोलर, पांढरे धागे दिसेनासे होईपर्यंत. एका वेळी तीन-चार थर. सहाच्या सहा एकदम चढवले तर मगात झालं तेच होडीवर होतं.

मोठा तुकडा आधी की छोटा आधी, यावरून मात्र जाणकारांत दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या घरी पाणीही पीत नसावेत. मी मोठा आधी लावतो, कारण जुन्या पत्र्याला सलग धरणारा थर पहिलाच असावा असं मला वाटतं. छोटा आधी लावणारे म्हणतात, शेवटी घासताना तुमच्या वरच्या थरांच्या कडा जातात. जातात, खरंय. पण म्हणून काय मत बदलायचं?

"नवीनच का नाही घेतली?" हा प्रश्न काकांनी त्या दिवशी जाता जाता विचारला. एरवी तो रोजच येतो, वेगवेगळ्या तोंडांतून. याचं उत्तर माझ्याकडे आहे. काच कुजत नाही. जुन्या होड्या, विशेषतः पहिल्या पिढीतल्या, जाड बांधलेल्या असतात, कारण बांधणाऱ्यांचा या नव्या मालावर अजून पुरता विश्वास बसला नव्हता. कुजतं ते आतलं लाकूड: ट्रान्सममधलं, म्हणजे मागच्या उभ्या भिंतीतलं प्लायवूड, आणि तळातल्या लांब पट्ट्या. ते तपासायला आतून बारीक भोक पाडायचं. भुसा फिकट आणि कोरडा आला तर बरं. काळपट आणि ओला आला तर तुम्ही होडी नव्हे, तिचा सांगाडा आणलाय.

पण मला होडीनं छळलं नाही. मला छळलं तिच्या आधीच्या मालकानं. हा सद्गृहस्थ कोण ते मला माहीत नाही आणि भेटू नये हेच बरं. त्यानं प्रत्येक चिरेत, प्रत्येक स्क्रूच्या भोकात, दिसेल तिथे सिलिकॉन भरलंय. सिलिकॉनवर रेझीन चिकटत नाही, जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत लेप) चिकटत नाही, रंग चिकटत नाही. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनसुद्धा धड चिकटत नाही. आणि वर घासायला गेलं तर ते निघत नाही, पसरतं. मग जेलकोट मारला की जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे उघडतात. आधी ब्लेडनं खरवडायचं, मग सॉल्व्हंटनं पुसायचं, एका फडक्यानं ओलं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं उचलून, फडकं सारखं बदलत. आणि मगच पॉलिश पेपर हातात घ्यायचा. मेणाच्या पॉलिशचंही तेच. आधी पेपर फिरवला तर मेण ओरखड्यांत भरून बसतं. त्या माणसानं सिलिकॉनची नळी पिळायला दहा सेकंद घेतली असतील. ती दहा सेकंद मी चार दिवस खरवडतोय. हे लिहितानाही माझी नखं दुखतायत, आणि यात विनोदी काही नाही.

असो. दुसऱ्या दिवशी थर चढवले. काका नसताना, दुपारी. संध्याकाळी आले, आणि कुणी काही बोलायच्या आत बोट लावलं.

"चिकट लागतंय. कच्चं राहिलं."

कच्चं राहिलं नव्हतं. पॉलिएस्टर रेझीनचा हवेला लागलेला वरचा थर चिकटच राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन तेवढा भाग सेट होऊ देत नाही. पुढचा थर त्यावर छान धरतो, म्हणून तो चिकटपणा कामाचा असतो. शेवटच्या थरात मात्र मेणाचं द्रावण घालतात. मेण वर तरंगतं, हवा तोडतं आणि पृष्ठभाग कडक होतो. कच्चं आहे की नाही ते नखानं कळतं. नख रुतलं तर कच्चं, वरवर चिकटलं तर बरोबर. मी एवढं सगळं सांगितलं. काकांनी आपलं बोट माझ्या असिटोनच्या फडक्याला पुसलं आणि मग खिशातल्या रुमालाला, कारण माझं फडकं घाण होतं म्हणे.

"आणि हे हाताला काय झालंय तुमच्या? चांगल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा."

हाताला घासकाम झालंय. ग्राइंडरला ३६ नंबरची डिस्क लावून एकास बाराचा उतार काढला की काचेची पूड मनगटापर्यंत जाते, बाह्या टेपनं बंद केलेल्या असल्या तरी. अंघोळ आधी गार पाण्यानं करायची, अंग घासायचं नाही, वाहतं पाणी सोडायचं. रुतलेले धागे चिकटपट्टी दाबून उचलायचे. कपडे बाकीच्यांच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, हे घरात एकदा शिकलं की जन्मभर विसरत नाही. धुळीचा मास्क धुळीपुरता. रेझीनमधल्या स्टायरीनची वाफ त्यातून सरळ आरपार जाते, तिला कार्बनचं काडतूस असलेलाच मास्क लागतो. आणि तो मास्क घातला की तुम्ही बोललेलं कुणाला कळत नाही. याचा फायदा माझ्या फार उशिरा लक्षात आला.

आज सकाळी काका बादली घेऊन आले. कडेला चिरलेली, प्लास्टिकची. "तुमचं ते उरलंसुरलं असेल तर एवढं लावून द्या."

मी मास्क खाली केला आणि सांगितलं की लागणार नाही. बादली पॉलिथिनची. पॉलिथिनला हे रेझीन धरतच नाही, म्हणून तर रेझीन कालवायचे मग त्याच प्लास्टिकचे घेतात. पटावं म्हणून परवाचा तो मग मातीतून उचलला, दोन्ही हातांनी दाबला आणि उलटा केला. आतला अर्धा किलोचा गोळा अख्खा, जसाच्या तसा बाहेर पडला. मध्ये पिवळसर, कडेला पारदर्शक, त्यात उभा रुतलेला माझा ब्रश.

काकांनी तो हातात घेतला. उजेडात धरून फिरवून पाहिला, नखानं टकटक वाजवला.

"तडा गेलाय याला," म्हणाले. "टाकी गळेल हो तुमची."