‘विमोवे’ नावाचा शब्द झुलूत नाही

‘“द लायन स्लीप्स टुनाइट” हे झुलू लोकांचं शेकडो वर्षं जुनं अंगाईगीत. “विमोवे” म्हणजे सिंह. लोकगीतच ते, त्याला मालक कुठला? डिस्नीनं चोरलं आणि जगभर गाजवलं.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय.

आधी लोकगीताचं पाहू. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानं १९३९ साली जोहान्सबर्गला गॅलो या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ‘म्बुबे’ (म्हणजे सिंह) हे मूळ गाणं ध्वनिमुद्रित केलं, सोबत त्याचा गायकांचा गट ‘इव्हनिंग बर्ड्स’. चाल त्याचीच. त्याच कंपनीच्या कारखान्यात तो तबकड्या पॅक करायचा. हक्क गेले १० शिलिंगांना. तबकडी खपली लाखाच्या घरात.

मग लोकगीताचा शिक्का कुठून आला? रेकॉर्ड अमेरिकेत लोकगीत गायक पीट सीगर यांच्या हाती पडली. त्यांनी ऐकून बोल उतरवले. लिंडाचे साथीदार म्हणतात ‘उयिम्बुबे’, म्हणजे ‘तू सिंह आहेस’. सीगरना ऐकू आलं ‘विमोवे’. १९५२ साली त्यांच्या ‘वीव्हर्स’ या गटाचं ‘विमोवे’ गाजलं, श्रेय ‘पॉल कॅम्बेल’ला. असा माणूसच नव्हता! ‘पारंपरिक’ गाण्याच्या मांडणीचे पैसे मिळावेत म्हणून काढलेलं ते टोपणनाव. गाणं पारंपरिक ठरण्यात कुणाचा फायदा होता, ते इथंच कळतं.

अंगाई तर मुळीच नाही. मूळ रेकॉर्ड लावा: खर्जातले पुरुष एकच ओळ घोळवत राहतात आणि त्यांच्या डोक्यावरून लिंडा बायकी पट्टीत आरोळ्या देतो. अशानं झोपलेलं पोर उठेल. शेवट मात्र सोडू नका. रेकॉर्ड संपत आली असताना तो ऐन वेळी सुचलेली एक नवीच ओळ गातो, जेमतेम काही सेकंदांची. १९६१ साली ‘टोकन्स’ या अमेरिकी गायक गटासाठी गीतकार जॉर्ज वाइस यांनी त्याच सुरावटीवर ‘इन द जंगल’ हे इंग्रजी शब्द बसवले. म्हणजे झोपलेला सिंह न्यूयॉर्कचा. (सिंह शिकारीला बहुधा रात्रीच निघतो, हे वेगळंच.) गाणं गाजलं ते याच रूपात: डिसेंबर १९६१मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर, १९८२ साली ‘टाइट फिट’ या गटाच्या आवाजात ब्रिटनमध्येही. डिस्नीचा ‘द लायन किंग’ आला १९९४ला.

‘डिस्नीनं चोरलं’ हेही ढोबळच. सिनेमात टिमॉन आणि पुम्बा ही पात्रं ते गातात, पण त्याचा परवाना घेतलेला होता, अमेरिकी प्रकाशकाकडून. गोम वेगळीच होती. १९११च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यानुसार विकलेले हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी वारसांकडे परततात. लिंडा गेला १९६२ला. म्हणजे १९८७पासून जुन्या ब्रिटिश साम्राज्याच्या देशांपुरता हक्क त्याच्या मुलींचा. या मुद्द्यावर २००४ला दक्षिण आफ्रिकेत डिस्नीवर दावा लागला, तिथले त्यांचे ट्रेडमार्कही जप्त झाले. फेब्रुवारी २००६मध्ये तडजोड झाली: वारसांना मागचे-पुढचे पैसे, आणि संगीतकार म्हणून लिंडाचं नाव.