वॉरंटी पार्टला आहे, कॉम्प्युटरला नाही

माझा पीसी एकोणीस दिवस नीट चालला आणि काल रात्री अकरा वीसला पुन्हा पडला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही. स्क्रीन काळी, पंखे चालू, कीबोर्डचे दिवे चालू, आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप रीस्टार्ट. मी काय करत होते तेव्हा? काही नाही! दिवाळी अंकाचं पान ८६ उघडून ‘वैशिष्ट्य’मधला ‘ष्ट्य’ नीट जुळलाय का ते बघत होते. माउसवर हातसुद्धा नव्हता.

मे महिन्यात हा पीसी मी स्वतः जोडला. पंधरा वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं जुळवायचं काम, करतेय, स्वतः जोडलेला हा माझा तिसरा पीसी. स्टँडऑफ कुठे बसवायचे, थर्मल पेस्ट किती लावायची, मदरबोर्डला चोवीस पिनची वायर टक् आवाज येईपर्यंत कशी दाबायची, सगळं मला येतं. सगळे पार्ट मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एकाच दुकानातून घेतले, एकाच बिलावर. आठ ओळी, अठरा टक्के जीएसटी धरून ७४ हजार. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझा सगळा संताप त्या आठ ओळींचा आहे. प्रत्येक ओळीला वॉरंटी आहे. प्रोसेसरला तीन वर्षं, मदरबोर्डला तीन, एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) पाच, रॅमला तर लाइफटाइम. आणि कॉम्प्युटरला? कॉम्प्युटर नावाची वस्तू त्या बिलावर नाहीच! त्यामुळे पार्ट बिघडला तर कुणाचा तरी असतो, कॉम्प्युटर बिघडला तर तो कुणाचाच नसतो.

जूनमध्ये पहिल्यांदा पडला तेव्हा दुकानात फोन केला. ‘फॉरमॅट मारा मॅडम.’ मारला. सगळे फॉन्ट, सगळी सॉफ्टवेअरं पुन्हा टाकण्यात दीड दिवस गेला. चार दिवसांनी पडला. ‘रॅम काढून खोडरबरने घासा.’ खोडरबर हे दहा वर्षं धूळ खाल्लेल्या रॅमचं औषध आहे, महिन्याभराच्या रॅमला घासून काय निघणार? तरी घासली. पडला. ‘मग घरचं अर्थिंग असणार.’ इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याला चारशे रुपये दिले. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टसुद्धा नाहीत, अर्थिंग ठणठणीत. ‘मग यूपीएस.’ यूपीएस काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावला. तिसऱ्या दिवशी पडला. आणि मग शेवटचं: ‘घरी मिस्टर आहेत का? त्यांना फोन द्या ना जरा.’

का? पीसी मी जोडलाय, बिल माझ्या नावावर आहे, काम माझं अडलंय. मिस्टरांना फोन देऊन प्रोसेसर सुधारणार आहे का?

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, बघावं तर लाल खूण, ‘क्रिटिकल’, कर्नल-पॉवर, नंबर ४१. हे दाखवलं की समोरचा लगेच म्हणतो, पॉवर लिहिलंय ना, मग एसएमपीएस गेला. अहो, नाही! ४१चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. ती नोंद पडतानाची नसतेच, पुन्हा चालू झाल्यावरची असते. प्लग ओढलात तरी ४१, बटण दाबून धरलंत तरी ४१, प्रोसेसर गोठला तरी ४१. त्यातला बगचेक कोड (निळ्या स्क्रीनमागच्या चुकीचा नंबर) बघितला तर शून्य, म्हणजे निळी स्क्रीन दाखवण्याइतकाही वेळ मिळालेला नाही. पडतानाची माहिती जिथे साठते ते मिनीडंपचं फोल्डर रिकामं. घरात चोरी व्हावी आणि पंचनाम्यात एवढंच लिहावं, ‘सकाळी दार उघडं होतं’, तशातली गत.

तरी एसएमपीएसही बदलून पाहिला. भाच्याचा आणला, त्याचा अभ्यासाचा पीसी आठवडाभर बंद ठेवून. सहाव्या दिवशी पडला. त्याआधी मल्टिमीटरने बारा व्होल्टची लाइन मोजली होती, १२.१ आली. पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. पण त्यानेही पक्कं काही कळत नाही, कारण मिलिसेकंदापुरता व्होल्टेज पडला तर साधा मल्टिमीटर तो पकडत नाही. त्याला ऑसिलोस्कोप लागतो. तो घरात कोण ठेवतं?

रॅमचंही केलं. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर, चार पास, शून्य एरर. एकेक स्टिक काढून दुसरीवर चालवला. एक्सएमपी (रॅमला जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून ३२००ची रॅम २१३३वर आणली, तरी पाचव्या दिवशी पडला. आणि या एक्सएमपीवरून तर माझं डोकंच फिरतं. डब्यावर ठसठशीत ३२०० छापायचं, त्याचेच पैसे घ्यायचे, आणि तो वेग मिळवायला जे एक्सएमपी चालू करावं लागतं त्याला प्रोसेसरवाले ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पळवणं, म्हणणार! म्हणजे डब्यावर लिहिलंय तसं वापरलं तरी वॉरंटीच्या वेळी बोट माझ्याकडेच.

पण खरा जीव जातो तो वाट बघण्यात. रोज पडणारं मशीन दोन दिवसांत सापडतं. हा सरासरी चार दिवसांनी पडायचा, कधी दोन, कधी सात. आता एक पार्ट बदलला आणि चार दिवस पडला नाही, तर काय सिद्ध झालं? काहीच नाही. तसाही पडला नसता कदाचित. थोडीफार खात्री हवी असेल तर निदान तिप्पट थांबायला हवं, बारा दिवस. संशयित किती? रॅमच्या दोन स्टिक, एसएमपीएस, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, मदरबोर्ड, प्रोसेसर. सात. सात बारे चौऱ्याऐंशी दिवस! सप्टेंबरअखेर अंक छापखान्यात जायचाय आणि मी चौऱ्याऐंशी दिवस एकेक पार्ट बदलून पडायची वाट बघत बसू? आणि बदलायला दुसरे पार्ट आणू कुठून? दुकानात काचेच्या कपाटात शंभर पडलेत. त्यातला एक बोर्ड आठ दिवस लावून बघू म्हटलं तर म्हणाले, ‘बॉक्स उघडला की विकला जात नाही, मॅडम.’

जुलैमध्ये अख्खा कॅबिनेट उचलून नेला. डोंबिवलीतल्या रस्त्यांवरून रिक्षात मांडीवर धरून, बाजूची काच फुटू नये म्हणून भोवती चादर गुंडाळून. फास्ट लोकलच्या मालडब्यात टोपल्यांच्या मधे उभी राहून दादर, तिथे पूल चढून वेस्टर्नला, मग ग्रँट रोड. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी फोन: ‘मॅडम, हमारे यहाँ तो चल रहा है.’ काय चालवलं विचारलं, तर दोन तास फरमार्क, ग्राफिक्स कार्डावर ताण टाकणारा प्रोग्राम. अहो, मी सांगितलं होतं ना, लोडवर पडत नाही म्हणून! दोनशे पानांची पीडीएफ काढताना कधी पडला नाही. प्रोसेसरवर ताण टाकणारा प्राइम९५ रात्रभर चालवला, ७८ डिग्री, पडला नाही. नुसता बसलेला असताना पडतो. कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद कॅबिनेटवर चिकटवला होता तसाच परत आला.

पहिल्यांदा पडला तेव्हापासून मी वहीही ठेवली होती. तारीख, वेळ, काय उघडं होतं, तापमान किती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत सतरा नोंदी, त्यातल्या पंधरा मशीन रिकामं बसलेलं असतानाच्या. आणि सतरापैकी दोनदा, फक्त दोनदा, ४१च्या जोडीला आणखी एक नोंद सापडली: व्हीआ-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग), नंबर १८. मशीन चेक एक्सेप्शन, कॅश हायरार्की एरर, कळवणारा भाग प्रोसेसर कोअर, म्हणजे चूक प्रोसेसरच्या आतच, त्याच्या एखाद्या कोअरमध्ये (काम करणाऱ्या तुकड्यात). आणि कुठल्या कोअरवर घडलं ते सांगणारा नंबर, दोन्ही वेळा एपीआयसी आयडी ४. दोन्ही वेळा तोच!

त्या रात्री मला झोप आली नाही. रिकामं बसलेलं असताना प्रोसेसरचे कोअर झोपतात, व्होल्टेज उतरतं, जरा काम आलं की क्षणात उठतात. दिवसभर ही उठबस चालू असते. एखादा कोअर बाकीच्यांपेक्षा जरा कमजोर असेल, त्याला व्होल्टेज थोडं जास्त लागत असेल, तर तो या उठबशीतच कोसळणार. सतत लोडवर उठबसच नाही, म्हणून लोड टाकून काही सापडणार नाही! मग बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शोधत गेले. ॲडव्हान्स्डच्या आत, त्याच्याही आत, ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाची ओळ. ‘ऑटो’ होतं, ‘टिपिकल करंट आयडल’ केलं, म्हणजे रिकामं असताना प्रोसेसर फार गाढ झोपू नये. आणि चार दिवसांवर पडणारा पीसी एकोणीस दिवस चालला.

मला सांगा, ही ओळ मी का शोधायची? दोन महिन्यांत दुकानातल्या एकानेही या ओळीचं नाव काढलं नाही. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये या ओळीपुढे काय लिहिलंय माहितीये? ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल सेट करा.’ बस. नाव पुन्हा लिहिलं की झालं स्पष्टीकरण!

आणि ‘प्रोसेसर कधी खराब निघत नाही, मॅडम’ हे तर मला कुणी ऐकवूच नये. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं काय झालं? माझा प्रोसेसर त्यातला नाही, पण गोष्ट तीच. गेम मधेच पडायचे आणि स्क्रीनवर यायचं, व्हिडिओ मेमरी संपली. साहजिकच सगळ्यांचा संशय ग्राफिक्स कार्डावर. त्या जुलैमध्ये कंपनीने जाहीर केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रामची) दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. त्याआधी लोक आपापल्या घरी हेच करत होते जे मी करतेय. रॅम काढ, रॅम घाल, फॉरमॅट मार.

मशीन बिघडतं, ते मला मान्य आहे. सिलिकॉनचा तुकडा आहे, निघतो एखादा कच्चा. राग त्याचा नाही. एकाही माणसाने ‘मला माहीत नाही, ठेवून जा, शोधतो’ असं म्हटलं नाही, राग त्याचा आहे. बोर्डवाला म्हणतो प्रोसेसर, प्रोसेसरवाला म्हणतो रॅम, रॅमवाला म्हणतो मेमटेस्टचा फोटो पाठवा, आणि दुकानदार म्हणतो फॉल्ट दाखवा, मग पुढे पाठवतो. फॉल्ट दाखवा! चार दिवसांतून एकदा, दोन सेकंद दिसणारी गोष्ट मी काउंटरवर उभी राहून कशी दाखवू? यात माझे चाळीस-पन्नास तास गेले. दोन पुस्तकांची कामं परत करावी लागली. त्याचं बिल मी कुणाच्या नावाने फाडू?

काल पडल्यावर पहिलं काय केलं असेल तर लॉग उघडला. व्हीआ-लॉगर १८. एपीआयसी आयडी ४. तिसऱ्यांदा.

उद्या सकाळी पुन्हा मालडब्यातून निघणार आहे. तिन्ही नोंदींचे प्रिंट, अठरा ओळींची वही आणि ते आठ ओळींचं बिल बरोबर आहे. बायॉसमधली ती ओळ मी परत ‘ऑटो’वर करून ठेवलीय. पीसी माझ्यासमोर काउंटरमागे चालू करायचा आणि तसाच ठेवायचा. फरमार्क नाही, प्राइम९५ नाही, फॉरमॅट नाही, खोडरबर नाही. नुसता चालू ठेवायचा, पडेपर्यंत. ठेवून घेतल्याची सही-शिक्क्याची पावती मिळाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.