फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण: विट्याच्या डॉक्टरांना उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारा, उपचारात मदत करणारा प्रशिक्षित सहायक. अनुभवी नर्स आणि टेक्निशियनना हे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर द्यावं असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही विट्याहून सविस्तर आणि चिडून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भोर समितीने जे अर्धे डॉक्टर बंद केले त्यांना मी मागच्या दाराने आत आणते आहे, बोगस डॉक्टरांनी आधीच गांजलेल्या तालुक्यांत ही आणखी भर, बीएएमएसची मुलं असताना हे नवं पद कशाला, इंग्लंडमध्ये काय झालं ते बघा, आणि चूक झाली तर जबाबदार कोण?

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने 1946 साली लायसेन्शिएट हा पदवीपेक्षा कमी मुदतीचा डॉक्टरकीचा अभ्यासक्रम बंद करून एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करावा असं सांगितलं, हे खरं. पण समितीतल्याच काही सदस्यांना ते पटलं नव्हतं, हेही त्याच अहवालात आहे. आणि लायसेन्शिएट स्वतंत्र दवाखाना टाकायचा. असिस्टंट तसा टाकू शकत नाही, टाकूही नये. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करतो. बोगस डॉक्टरच्या डोक्यावर कुणीच नसतं.

सांगली-मिरजेच्या खासगी हॉस्पिटलांत रात्री अकरानंतर वॉर्ड कोण सांभाळतं, हे तुम्हीही जाणता. सर्जन घरी असतात, फोनवर असतात. वॉर्डात असतो आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलातच ड्युटीला राहणारा डॉक्टर, पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेला, आणि त्याच मजल्यावर अर्धी नोकरी काढलेली सिस्टर. ऑपरेशन झालेल्या माणसाची लघवी कमी झाली, बीपी उतरायला लागला, पोटॅशियमचा रिपोर्ट वाईट आला, की पहिला निर्णय त्या दोघांकडूनच होतो. त्यांना हे कुणी शिकवलं? एखाद्या सरांना शिकवायची हौस होती म्हणून ते शिकले, नाहीतर बघून बघून उचललं. या शिकण्याला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, कुठे नोंद नाही. ज्या मुलाने आयुर्वेदात वर्षं घातली त्याच्याकडून रात्रभर दुसऱ्याच शास्त्राचं काम करून घ्यायचं, हा त्याच्यावरही अन्याय आहे. हे काम रोज होतंच आहे. ते करणाऱ्याला नीट शिकवा आणि त्याच्या कामाची हद्द कागदावर आणा, एवढंच मी म्हणते.

नीट म्हणजे किती, तर अमेरिकेतली सुरुवात बघा. 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली ती चौघांची, आणि चौघंही नौदलात वैद्यकीय सेवक म्हणून काम केलेले. म्हणजे अनुभव आधी होता, शिक्षण मागून आलं. आज तिथे हा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, साधारण 27 महिन्यांचा आहे. आधी शरीररचना, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र. मग 2000 तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त काळ थेट रुग्णांजवळ: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, इमर्जन्सी, मानसोपचार, फॅमिली मेडिसिन. शेवटी 300 प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा, तीही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुरा केलेल्यालाच देता येते. त्यानंतरही दर दोन वर्षांत 100 तासांचं शिक्षण चालूच.

आपल्याकडे 1992 साली मद्रासमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदयशस्त्रक्रियेच्या कामासाठी हे शिक्षण सुरू केलं. 2021 च्या केंद्रीय कायद्यातही या व्यवसायाचं नाव आहे. पण बहुतेक ठिकाणी तो बारावीनंतरचा कोर्स झाला आहे, आणि तिथे मी तुमच्याच बाजूची आहे. वॉर्ड कधी न पाहिलेल्या मुलाला घेण्यापेक्षा चार-पाच वर्षं ड्युटी केलेल्या बीएस्सी नर्सला, ओटी टेक्निशियनला हे शिक्षण पदव्युत्तर पातळीवर द्या. मी नर्सिंग शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली पेशंटकडे नुसतं बघून काहीतरी बिनसलंय हे ओळखतात. त्यांच्यापुढे आज वाटा कोणत्या? पुढे मेट्रन होऊन ड्युटीचे तक्ते लावायचे, नाहीतर जर्मन शिकून परदेश गाठायचा. अशी माणसं हातची जाताना मला फार वाईट वाटतं.

मिरजेला तर ही कल्पना परकी वाटू नये. इथलं मिशन हॉस्पिटल उभारणारे मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी 1897 साली इथेच वैद्यकीय शाळा काढली होती, कारण मिशनच्या कामाला शिकलेली माणसं पुरत नव्हती.

इंग्लंडचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. तिथे हेच पद ‘फिजिशियन असोसिएट’ नावाने होतं, त्यावरून वाद झाला आणि सरकारने त्याची तपासणी करवली. त्या तपासणीच्या, 2025 च्या लेंग अहवालाने हे पद रद्द करा असं म्हटलेलं नाही. ‘असोसिएट’ऐवजी ‘असिस्टंट’ म्हणा, निदान न झालेला पेशंट थेट त्यांच्याकडे पाठवू नका, आणि नव्याने पास झालेल्यांनी किमान दोन वर्षं हॉस्पिटलात काढल्याशिवाय त्यांना फॅमिली डॉक्टरकडे नेमू नका, अशा त्याच्या शिफारशी आहेत. मला तिन्ही मान्य आहेत. आपल्या अभ्यासक्रमात त्या पहिल्या दिवसापासून असाव्यात.

जत-आटपाडीच्या उपकेंद्रांत ही माणसं जातील का, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवते. आधी जिथे सर्जन आहेत, फिजिशियन आहेत, तिथेच त्यांना घडवू द्या.

राहिली जबाबदारी. असिस्टंटने लिहिलेल्या प्रत्येक ऑर्डरखाली त्याची सही आणि वेळ हवी, आणि ठरलेल्या तासांच्या आत देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची. फोनवर विचारलं असेल तर कुणाला विचारलं, काय उत्तर मिळालं, हे केसपेपरवरच हवं. आज रात्रीच्या ड्युटीवर तोंडी ऑर्डर चालतात आणि सकाळी कुणाला काही आठवत नाही. एका असिस्टंटमागे कोणता डॉक्टर, हे नाव नोंदणीतच असावं. ते डॉक्टर रजेवर गेले तर दुसरं नाव लेखी येईपर्यंत असिस्टंटने नवी औषधं सुरू करू नयेत. यात तुम्हाला कुठे फट दिसत असेल तर नक्की लिहा. तुम्ही रात्रीचे फोन घेतले आहेत, ती तुम्हाला माझ्याआधी दिसेल.