मुन्स्टरचा सहवास

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. फ्रान्समध्ये तेवढ्या अंतरात चीज बदलते, आणि भाषेपेक्षा ते पुष्कळ दुरून ओळखू येते. सँडविचमधल्या बिनवासाच्या चौकोनी चकतीपलीकडे ज्यांची मजल गेलेली नाही, अशांनी या मुलखात जरा बेतानेच फिरावे.

ज्युरा डोंगरातल्या कोंते नावाच्या चीजने आम्हाला आरंभी गाफील ठेवले. सुमारे ४०० लिटर दुधातून उतरणारे ४० किलोंचे ते भले मोठे चाक निदान ४ महिने मुरवत ठेवतात. तरीही वागायला अगदी सभ्य. त्या भरवशावर अल्सास प्रांतातल्या कोलमार गावी पोहोचताच मी मुन्स्टर विकत घेतले आणि मुक्कामाच्या खोलीतल्या इवल्याशा फ्रीजमध्ये, मावशीच्या गूळपोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिले.

व्होज पर्वतराजीतले हे गाईच्या दुधाचे चीज मुरत असताना त्याचे अंग वारंवार पाण्याने पुसून काढतात. इतकी निगुतीने आंघोळ घातलेल्या पदार्थाला वास यावाच का, ही शंका रास्त आहे; पण त्या ओलाव्यावरच ब्रेव्हिबॅक्टेरियम कुळातले जिवाणू पोसतात, आणि त्याच कुळातली काही मंडळी माणसाच्या पावलांवर बिऱ्हाड करून मोज्यांची कीर्ती वाढवत असतात. मावशीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, तरी तिचे निदान अचूक निघाले. रात्री फ्रीज उघडताच तिने आधी माझ्या बुटांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, “अरे, ते बाहेर ठेव आधी.” बूट निमूटपणे बाहेर गेले. वास जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या रिवाजाप्रमाणे सालासकट उकडलेले बटाटे आणि शहाजिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कॅरवेच्या दाण्यांसोबत मुन्स्टर पानात आले. मावशीने दूध कशाने विरजतात, असे विचारले. वासराच्या जठरातल्या रेनेटने, हे उत्तर ऐकताच तिने कॅरवे आणि बटाटे स्वतःकडे ओढून घेतले व आपल्या वाट्याचे मुन्स्टर एरवी न दिसणाऱ्या औदार्याने माझ्या पानात सरकवले.

चव मात्र वासाच्या मानाने फारच सौम्य निघाली: खारट, सायीसारखी मऊ, किंचित उग्र. मी दुसऱ्या तुकड्याला हात घातला, तशी मावशी खिडकी उघडायला उठली. ती सकाळपासून उघडीच होती.