बी फॉर्म भरला, पंप मात्र बंद!

जानेवारी आणि जुलै. वर्षातून दोनदा 'बी फॉर्म' (इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) भरायचा, परवानाधारक एजन्सीचा शिक्का घ्यायचा, की झाली सोसायटी अग्निसुरक्षित! आग विझवायच्या पंपांच्या खोलीत, पंपरूममध्ये, कुणी डोकावलंय का? पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वर हवा, तो 'ऑफ'वर. का? तर लाइनमधला कुठला तरी व्हॉल्व्ह गळतो, दाब उतरतो, तो भरून काढायला जॉकी पंप सारखा सुरू होतो आणि तळमजल्यावाल्यांची झोपमोड होते. मग गळती काढायची की पंपच बंद करायचा? अर्थात दुसरं, फुकटात होतं ना! डिझेल पंपाची बॅटरी तर कधीच मेलीय.

वर होज बॉक्स (आग विझवायच्या नळीची पेटी) उघडा. नोझल गायब (पितळ भंगारात चांगलं जातं), होज घडीवर चिरलेला, आत कुणाचा तरी झाडू. रेफ्यूज एरियात (आग लागली की रहिवाशांनी आसरा घ्यायची मोकळी जागा) कुंड्या नि मोडकी सायकल. जिन्यातलं फायर डोअर वीट लावून कायम उघडं, म्हणजे धुराला थेट वरच्या मजल्यापर्यंत आमंत्रण. आणि अग्निशमन दलाची गाडी जिथून पाणी चढवणार, त्या इनलेटला चिकटून कुणाची तरी एसयूव्ही. शिडीच्या गाडीसाठी ६ मीटर वाट मोकळी हवी, तिथे पार्किंगचे पट्टे. तेही सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव करून!

मग १०१ लावायचा आणि बोंबलायचं, "अग्निशमनवाले उशिरा आले!" अहो, ते केव्हाच आलेत. गेटवर उभे आहेत. तुमच्या त्या शोभेच्या कमानीखालून गाडी जात नाहीये!