‘हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे वेटरकी’: त्या मेसेजला माझं उत्तर

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हा मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या भावकीच्या ग्रुपवर तो माझ्या धाकट्या चुलत्यांनीच टाकला आणि त्याखाली बघता बघता सतरा अंगठे जमा झाले. मेसेज असा: ‘पालकांनो, सावध व्हा. हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे चार वर्षं आणि लाखो रुपये घालून शेवटी वेटरच व्हायचं. ढाबा चालवायला डिग्री लागत नाही. आपल्या मराठवाड्यात हॉटेलं आहेतच कुठं? मुलींनी तर या लाइनीत पडूच नये.’

काकांशी फोनवर बोलले. पण त्या सतरा घरांतल्या दोघांची पोरं यंदा बारावी झालीत, म्हणून हे सविस्तर लिहिते. मी औसा तालुक्यातली. वडलांची सहा एकर कोरडवाहू. मी हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री घेतली, आठ वर्षं हॉटेलांत नोकरी केली आणि आता लातुरात क्लासच्या मुलामुलींसाठी मेस चालवते. रोज 280 ताटं होतात.

‘शेवटी वेटरच व्हायचं.’ हो, मी ताटं उचलली. पहिल्या वर्षाला सगळेच उचलतात. किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग (साफसफाई-देखभाल) आणि फ्रंट ऑफिस (पाहुण्यांचं स्वागत, बुकिंग) ही चार खाती प्रत्येकाला शिकावी लागतात आणि त्यावर एक अख्खं सत्र खऱ्या हॉटेलात ट्रेनिंग असतं. ज्याला पुढं किचन सांभाळायचंय त्यानंही पाहुण्यासमोर ताट ठेवलेलं असलंच पाहिजे, कारण परत आलेल्या ताटात काय उरलं ते वाढणाऱ्यालाच दिसतं. इंजिनियरिंगच्या पोरानं वर्कशॉपात कानस घासली म्हणून त्याला कुणी लोहार म्हणत नाही. मग आमच्या पोरांच्या हातातला ट्रे तेवढा का खुपतो? माझ्या बॅचमधली एक मैत्रीण मोठ्या दवाखान्याचं हाउसकीपिंग बघते, एकजण विमान कंपनीच्या जेवणाच्या किचनमध्ये आहे, एकजण वाळूजला कारखान्याचं कँटीन सांभाळतो. वेटर म्हणून कुणी राहिला असता तरी मला त्यात कमीपणा वाटला नसता. पंगतीत आग्रह करून वाढणाऱ्याचं आपण कौतुक करतो, तेच काम पगार घेऊन केलं की हलकं कसं होतं?

या मुद्द्यात खरं आहे तेही सांगते. सुरुवातीचा पगार कमी असतो, ड्युटी दहा-बारा तासांची होते आणि सणावाराला सुट्टी मिळत नाही. माझ्या पहिल्या सहा दिवाळ्या ड्युटीवर गेल्या. ज्या पोराला हे झेपणार नाही त्याला तिकडं घालू नका. पण कारण हे सांगा, ‘वेटर’ हा शब्द शिवीसारखा वापरून नको.

‘ढाबा चालवायला डिग्री लागत नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते अर्धं खरं आहे. ढाबा उघडायला डिग्री लागत नाही. तो टिकवायला जे लागतं ते कुठून तरी शिकावं लागतंच, आणि बरेचजण ते वडलांचं शेत विकून शिकतात. आमच्या रस्त्यावर गेल्या चार वर्षांत किती मेस उघडल्या आणि मिटल्या ते मी डोळ्यानं पाहिलंय. त्यांच्या आचाऱ्याच्या हाताला चव होती. हिशोबाची पद्धत नव्हती.

आमच्या किचनमधली एक सकाळ सांगते. कांद्याचं 20 किलोचं पोतं येतं. सोलून, देठ काढून, सडका भाग बाजूला टाकून ते पुन्हा काट्यावर ठेवलं की साडेसतरा भरतं. म्हणजे पैसे 20 चे गेले, भाजीत साडेसतराच पडणार. कोथिंबिरीचं तर विचारूच नका, पावसाळ्यात निम्मी जुडी निवडण्यातच जाते. हे रोज मोजून वहीत लिहिलं तरच एका ताटाला खरा खर्च किती आला ते कळतं. त्यावर गॅस, भाडं, पगार चढवून दर काढायचा असतो. शेजारचा महिन्याला 2600 घेतो म्हणून आपण 2500 असा दर काढणारे सहा महिन्यांत किराणा दुकानदाराला तोंड चुकवत फिरतात. हा हिशोब आम्हाला कॉलेजात दुसऱ्या वर्षी शिकवला. तेव्हा कंटाळा यायचा. आज त्याच वहीवर माझ्याकडच्या अकरा माणसांचा पगार निघतो.

दुसरी गोष्ट भाताची. भात शिजला म्हणजे निर्धोक झाला असं आपल्याकडं सर्रास समजतात. तांदळातल्या बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला भात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवला की मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, तिथं ते वाढतात आणि असं विष सोडतात की सकाळी फोडणी देऊनही ते जात नाही. अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये जितका कमी वेळ राहील तितकं बरं, हा या धंद्यातला पहिला धडा. उरलेलं ठेवायचंच असेल तर पसरट ट्रेमध्ये काढून दोन तासांत 21 अंशांवर आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांखाली न्यायचं. माझ्याकडं पहिल्यांदा आलेला आचारी वीस वर्षं लग्नाचे स्वयंपाक केलेला माणूस. थर्मामीटर बघून म्हणाला, “ताई, भाताला ताप आलाय का?” आता तोच नव्या पोरांना ट्रे पसरायला लावतो.

फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन सुमारे 2000 माणसं आजारी पडली होती. एकादशी, नवरात्र आलं की भगरीतून विषबाधेच्या बातम्या आपल्या भागात येतातच. बायाबापड्या, लेकरं दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपवलेली आपण पाहिलीत. त्या स्वयंपाक करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. मोठ्या प्रमाणावर रांधायचं हे वेगळं शास्त्र आहे आणि ते आपल्या पट्ट्यात फार थोड्यांना शिकायला मिळालंय, एवढंच. ‘यात शिकण्यासारखं काय आहे’ असं कुणी म्हणालं की मला ते व्हरांडे आठवतात.

आणि येसर, म्हणजे आमटीत घालायचं भाजून दळलेलं पीठ. आईचा येसर अंदाजाचा: गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मसाला, सगळं भाजायचं ते नाकानं ओळखून. मेसमध्ये येसर आमटी ठेवायची ठरवली तेव्हा मी आईला चुलीपुढं बसवलं आणि तिची प्रत्येक मूठ कढईत पडायच्या आधी काट्यावर घेतली. ती वैतागली. तीन वेळा केल्यावर कागद तयार झाला. आता मी गावी असले तरी लातुरात आमटी तशीच होते. मराठवाड्यातल्या बहुतेक हॉटेलांच्या मेनूवर पनीर बटर मसाला सापडतो, येसर, चुरमुऱ्यांचा सुशीला, अंबाडीची भाजी सापडत नाही. पदार्थ घरात आहेत, ते रोज शंभर माणसांना एकाच चवीनं देणारी माणसं कमी आहेत.

‘मराठवाड्यात हॉटेलं आहेतच कुठं?’ हा प्रश्न विचारणाऱ्यानं जरा नकाशा समोर घ्यावा. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही 1983 पासून जागतिक वारसा स्थळं आहेत. बारा ज्योतिर्लिंगांच्या आपल्या यादीतली घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही तीन इथं. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, नांदेडचा हुजूर साहिब तख्त. दौलताबाद, नळदुर्ग, पैठण वेगळेच. माणसं यायची थांबत नाहीत. ती मुक्काम करत नाहीत, आणि त्याला बऱ्याच अंशी आपण कारण आहोत.

मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होते तेव्हाची गोष्ट. रविवारी रात्री कोलकात्याचं एक कुटुंब आलं, आजी-आजोबा धरून सहाजण. सोमवारी अजिंठा बघून रात्रीच्या गाडीनं परत, असा बेत. ड्रायव्हरही ठरवलेला. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ, हे त्यांना बुकिंग करणाऱ्यानं सांगितलं नव्हतं, ड्रायव्हरनंही नाही. शंभर किलोमीटर जाऊन ते बंद फाटक बघून आले असते. मी त्यांना सोमवारी वेरूळ, घृष्णेश्वर आणि दौलताबाद दिलं, मंगळवारी अजिंठा. आजोबांचे गुडघे दुखत होते. अजिंठ्याला खाली गाडी सोडून बसनं जावं लागतं आणि पुढं पायऱ्या आहेत, तिथं डोली मिळते, हेही सांगितलं. त्यांचा एक मुक्काम वाढला. त्या एका रात्रीत दोन खोल्या, सहा जेवणं, धोब्याचा फेरा, टॅक्सीचा दिवस आणि पैठणीच्या दुकानातली एक खरेदी झाली. पर्यटनाचा अभ्यास म्हणजे हेच: कुठला वार, किती पायऱ्या, कुणाला काय झेपेल, आणि ते पाहुण्याला त्यानं विचारायच्या आधी सांगणं. शिर्डीहून निघालेल्या गाड्या वेरूळ करून दिवस मावळायच्या आत परत फिरतात, तो सगळा पैसा आपल्या अंगणातून निघून जातो.

शिकायची सोय इथंच आहे. संभाजीनगरात डॉ. रफिक झकेरियांनी उभी केलेली, ताज समूहाशी जोडलेली संस्था आहे, एमजीएमचं कॉलेज आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा विभाग आहे. आणि कामाचं म्हणाल तर हॉटेलची पाटीच लागते असं नाही. लातुरात नीटची तयारी करायला बाहेरगावची हजारो पोरं राहतात, त्यांच्या मेस आणि होस्टेलं म्हणजे याच विषयाचं काम.

‘मुलींनी पडूच नये.’ यावर फार लिहायची माझी इच्छा नाही, एक माहिती देते. मुंबईत दादरला 1954 साली देशातली या विषयाची पहिली मोठी संस्था सुरू झाली ती ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलनं, लीलावती मुन्शींच्या पुढाकारानं. बायकांनी उभ्या केलेल्या विषयात बायकांनी पडू नये, हे कुठलं सांगणं? रात्रपाळीची काळजी खरी आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची. नोकरी घेताना पहिल्याच दिवशी विचारायचं, रात्री घरी सोडायला गाडी आहे का. मी विचारायचे. एका ठिकाणी ‘बघू’ म्हणाले, ती नोकरी मी घेतली नाही.

‘लाखो रुपये.’ इथं मात्र मेसेजवाल्याची भीती मला समजते, कारण आमच्याच घरात ठेच लागलीय. माझ्या मामेभावानं एका खासगी कॉलेजात ‘100 टक्के प्लेसमेंट’ची पाटी बघून प्रवेश घेतला. साठ पोरांत एकच चालू शेगडी. प्रॅक्टिकल म्हणजे सर करणार, पोरं मोबाइलवर शूटिंग घेणार. ट्रेनिंगला पाठवलं तिथं त्याला सहा महिने भांडी घासायला ठेवलं, दुसरं खातं दाखवलंच नाही. मामानं त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. तेव्हा फसवणूक होत नाही असं मी म्हणणार नाही. पण एका भोंदू डॉक्टरपायी कुणी वैद्यकशास्त्र सोडत नाही.

पैसा वाचवायचे सरळ रस्ते आहेत. केंद्राच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही परीक्षा आहे. राज्याच्या चार वर्षांच्या बीएचएमसीटी पदवीसाठी सीईटी सेलची वेगळी सीईटी होते आणि पुढं कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्या. कॅपमधून गेलं की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ते लागू नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधीच कॉलेज कुठल्या प्रकारात मोडतं ते विचारा. एवढंही नको असेल तर दहावीवर दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा क्राफ्ट कोर्स आहे, त्यातून निघालेली दोन पोरं माझ्याकडं कामाला आहेत.

काकांच्या मुलासाठी, म्हणजे आमच्या ओमकारसाठी, मी काकांना एक काम सांगितलंय. माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि न सांगता, कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कॉलेजच्या किचनमध्ये जा. शेगड्या गरम आहेत का बघा. पोरांचे ॲप्रन मळलेत का बघा. फ्रिज उघडायला लावा, आतल्या डब्यांवर तारीख लिहिलीय का बघा. मागच्या वर्षीची पोरं कुठल्या हॉटेलात ट्रेनिंगला होती त्यांची नावं मागा आणि त्यातल्या दोघांना तिथल्या तिथं फोन लावा. काका गुरुवारी जाणार आहेत, मीही सोबत जातेय.