डबल बेल

काल रात्री पुतण्याच्या गेमचं नवीन अपडेट आलं. आलं म्हणजे, मी जेवत असताना ओंकारनं मोबाईल माझ्या ताटावर धरला आणि म्हणाला, "काका, बदलांची यादी वाचा की." मी हात पुसून चष्मा लावला. यादीच्या डोक्यावर 'खेळाडूंच्या सूचनांवरून' असं लिहिलेलं. बोटीला घंटा बसवली. एकदा वाजवली की खलाशी शीड उतरवणार, दोनदा वाजवली की चढवणार. डोलकाठीला लिंबू-मिरची बांधायची सोय केली. बोटीवर चूल आली. बंदरातली शेळी आता बोटीत चढू शकते. मी यादीच्या तळापर्यंत गेलो, परत वर आलो. माझं काही नव्हतं.

"माझं पत्र वाचलंस ना रे?"

"हो काका. नोटेड."

शाळेत असताना आम्ही तपासणीच्या शेऱ्याखाली 'पाहिले' असं लिहून सही ठोकायचो. शेरे मारणाऱ्या त्या साहेबांना काय वाटत असेल, याचा विचार करायची वेळ निवृत्तीनंतर आली.

थोडक्यात सांगतो. ओंकारनं पुण्याची नोकरी सोडली आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत एकटाच बसून तो एक गेम बनवतोय. शिडाची बोट, विजयदुर्गापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा आणि मोकळा दर्या. इंजिन नाही, बंदुका नाहीत, कुणाला वाचवायचं नाही. कुठंही जा, कुणी विचारत नाही. अशा गेमला म्हणे लोकांचा फीडबॅक लागतो. बाहेरचे लोक यायच्या आधी घरचे लोक. मी भूगोल शिकवण्यात हयात घालवलेली, त्यामुळं माझ्याइतका लायक माणूस त्याला जिल्ह्यात मिळाला नसता. मी चार पानं लिहून दिली. फुलस्केप, पाठपोट, समास सोडून.

त्यात काय नव्हतं? किनाऱ्यावर रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा सुटतो, दुपारी उलट खारा वारा येतो; शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. हे गेममध्ये पाहिजे, असं मी लिहिलं. आषाढात कोकणात कुणी शीड उभारत नाही, नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय दर्या खुला होत नाही, तेव्हा पावसाळ्यात समुद्र बंद ठेवावा, असंही लिहिलं. त्यावर तो म्हणाला, "काका, लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम मी पावसाळाभर बंद ठेवू?" ठेव की. शाळा नाही का मे महिन्यात बंद ठेवत?

आणि इतिहास. कोल्हापूरचा आणि समुद्राचा काय संबंध, असं आमच्या गल्लीत सगळ्यांनी ओंकारला विचारून झालंय. सिंधुदुर्ग 1664 ते 1667 या काळात बांधला गेला हे सगळ्यांना पाठ असतं. 1765 मध्ये तो इंग्रजांनी घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं होतं, हे कुणाला माहीत नसतं. आणि मालवण बंदर 1812 पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडं होतं, हे तर कोल्हापुरातच कुणाला माहीत नाही. म्हणजे ह्या पोरानं मंगळवार पेठेत बसून समुद्र करायला घेतला यात नवल काहीच नाही, उलट दोनशे वर्षं उशीरच झालाय. हे सगळं मी तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. नोटेड.

आता बापूंचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथं आहे.

बापू आमचे शेजारी. एसटीत ड्रायव्हर होते. कोल्हापूर-मालवण, गगनबावडामार्गे, करूळ घाटातून. विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून देवघरात ठेवलेला. एका सकाळी पेपर न्यायला म्हणून आले आणि ओंकार खाली माझ्यासमोर लॅपटॉप मांडून बसलेला दिसला.

"काय करालायसा सर?"

"बोट चालवतोय."

"बघू. सरका."

मी सरकलो. का सरकलो, माहीत नाही. बापूंनी आधी खुर्ची पुढं घेतली, मग बोटभर मागं घेतली. उशी मागितली आणि पाठीला न लावता बुडाखाली घातली. चपला काढून टेबलाखाली सरळ लावल्या. मग उजव्या हाताची बोटं लॅपटॉपच्या कडेला लावून कपाळाला लावली आणि म्हणाले, "हां. क्लच कुठला?"

"क्लच नाही बापू," ओंकार म्हणाला. "हे दाबलं की शीड वर, ह्या दोन बाणांनी सुकाणू."

"बरं. ब्रेक?"

"ब्रेक पण नाही."

बापूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले. "मग आपण बसत न्हाई. ब्रेक न्हाई आन् गाडी काढा म्हणतोस? सर, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही तरी पोराला सांगायचं."

मी संधी साधली. बोट थांबवायची तर तोंड वाऱ्याकडं वळवायचं आणि शीड ढिलं सोडायचं, वेग आपोआप मरतो, हे मी सावकाश समजावून सांगितलं.

"म्हंजे थांबायला आधी वारं हुडकायचं?"

"हो."

"आन् मधी म्हस आली तर?"

"समुद्रात म्हैस येत नाही, बापू."

"तुम्हाला म्हाईत न्हाई सर. कळे गाव येईस्तोवर किती म्हशी आडव्या येत्यात, तुम्ही कधी मोजल्यासा?" मग ओंकारकडं वळून, "गाडी कुठली?"

"विजयदुर्ग ते मालवण."

"टायम?"

"वारा मिळेल तसं..."

"तसं न्हाई. ष्टँडावर बोर्ड लावाय लागतोय. पाशिंजर टायम बघून येतंय, वारं बघून न्हाई."

ओंकार वहीत लिहून घेत होता. माझ्यादेखत. माझ्या चार पानांवर त्यानं चहाचा कप ठेवला होता.

शेवटी बोट निघाली. थोडा वेळ बरी गेली, मग वारा फिरून बरोबर नाळेवर, म्हणजे बोटीच्या तोंडावर आला. शीड फडफडायला लागलं, बोट जागच्या जागी डुलायला लागली. मी उभाच राहिलो. हाच तो माझा धडा, दुसरं पान, आकृतीसकट. "बापू, थेट वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण 45 अंश सोडून द्यायचे. आधी एका अंगानं तिरकं जायचं, मग तोंड फिरवून दुसऱ्या अंगानं..." पेपरच्या समासात मी कोनही काढला. बापू पेपरकडं बघतच नव्हते.

"म्हंजे करूळ घाट," ते म्हणाले.

"काय?"

"सरळ चढावर गाडी सरळ चढती व्हय? डावीकडं घ्या, वळण मारा. उजवीकडं घ्या, वळण मारा. वळणावर रेटा कमी पडू द्यायचा न्हाई, न्हाईतर गाडी मागं येती."

आणि बोट चढायला लागली! प्रत्येक वळणावर बापू तोंडानं 'पों पों' करत होते, समोरून काही येत नसताना. वाईट याचं वाटतं की ते शेवटचं वाक्यसुद्धा तंतोतंत खरं होतं. वळताना वेग नसला तर शिडाची बोट मधेच वाऱ्यात तोंड खुपसून अडकते आणि मागं वाहायला लागते. हे माझ्या पत्रात राहिलं होतं.

ओंकार ओरडला, "काका! ट्युटोरियल! हेच वाक्य टाकतो. घाट चढवा तशी चढवा! तुम्हाला दोन पानं लागली होती."

दोन नाही. आकृती धरून सव्वा पान.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलो असतो. पण देवगड आल्यावर बापूंनी बोट बंदराला लावली. कशाला? तर स्टॉप आहे. कुणी उतरणारं नव्हतं, चढणारं नव्हतं, धक्क्यावर एक शेळी तेवढी उभी. बापूंनी चहा मागितला. हिनं आतून सांगितलं, "ठेवलोय, आणतो थांबा." चहा आला, बशीत ओतून प्यायला गेला, शेळीला न्यायचं की नाही यावर चर्चा झाली. मग ओंकार म्हणाला, "बापू, निघूया?"

"कंडक्टर कुठाय? डबल बेल मारल्याबिगर मी गाडी हलवत न्हाई."

"बेल नाही गेममध्ये."

"मग ऱ्हाऊ दे हितंच."

पाच मिनिटं बोट देवगडात उभी होती. शेवटी ओंकारनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी लाडात म्हणाला, "काका, देवघरातली घंटा आणा की." ज्यानं पोरांच्या पिढ्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांतला फरक लिहायला बसवल्या, तो मी देवघरातली पितळी घंटा घेऊन एका निवृत्त ड्रायव्हरच्या मागं उभा राहिलो आणि टण टण असे दोन टोल दिले. बापूंनी मागं वळूनसुद्धा न बघता विचारलं, "म्हातारी बसली का न्हीट?"

मी म्हणालो, "बसली."

मालवण येईपर्यंत मला घंटा हातातनं खाली ठेवता आली नाही.

तसं बघितलं तर कोल्हापुरात फीडबॅक कधी कुणी मागितलाय? 1912 पासून खासबागच्या मैदानात तो न मागता मिळतोय. ज्याला जिना चढताना धाप लागते, तो पायऱ्यांवर बसून खालच्या पैलवानाला 'आरं ढाक मार की' म्हणून शिकवतो. पैलवानानं ढाक मारली तर 'मीच सांगितलं', नाही मारली तर 'ऐकतच न्हाई बेणं'. ओंकारला वाटतं त्यानं काहीतरी आधुनिक चालवलंय.

पैसे देऊन खेळणाऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. गेम स्टीमवर, म्हणजे गेमांच्या ऑनलाइन बाजारात, विकायला ठेवल्यापासून रोज जेवताना वाचन चालतं. एकानं लिहिलं, समुद्र फार मोठा आहे. त्याच्याच खाली दुसऱ्यानं, समुद्र लहान वाटतो. एकानं लिहिलं, वारा समोरून येतो, हा बग दुरुस्त करावा. एका गृहस्थानं 'घेऊ नका, वेळ वाया गेला' असा शेरा मारलाय. स्टीम प्रत्येकाच्या नावापुढं तो किती तास खेळला ते दाखवतं, ह्यांचे तास एकशे ऐंशीच्या वर! आणि नियम असा, की घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे सहसा मिळतात. ह्या गेममध्ये दोन तासांत माणूस फार तर विजयदुर्गाच्या खाडीतून बाहेर पडतो. म्हणजे फुकटात खाडीची सहल करून लोक पैसे परत घेतात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वरच्या खोलीत दिवा असतो, खालून मला दिसतो. त्या पोराच्या डोळ्यांखाली काळं आलंय. एका ओळीचा शेरा मारणाऱ्याला ते कुठून दिसायला!

पण हे मी ओंकारजवळ बोललो तर तो म्हणतो, काका, फीडबॅक मनाला लावून घ्यायचा नसतो. बरोबर आहे. आम्ही नोकरीभर प्रशिक्षणांचे अभिप्राय भरले, प्रशिक्षण कसे वाटले, तीन ओळींत लिहा. त्यात खरं लिहिण्यासारखं एकच असायचं, ते म्हणजे चहाबद्दल. तेही कुणी वाचलं नाही, कारण चहा पुढच्या वर्षीही तसाच. म्हणून ह्या खेपेला मी मनापासून लिहिलं होतं. घरातलं आहे, वाचतील म्हणून. हिनं एकदाच खेळून बघितलं आणि म्हणाली, "त्या खलाश्यांस्नी जेवायला कोण घालतंय रे? मी तरी चूल कुठं बघितलो न्हाई." चूल आली. बापूंची घंटा आली, बापूंचं लिंबू-मिरची आलं, बापूंची म्हातारी म्हणून ती शेळी आली. आज सकाळी परदेशातल्या कुणीतरी लिहिलंय की ही घंटा म्हणजे ह्या गेममधली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, असं कुठल्याच गेमात बघितलं नव्हतं.

ते ऐकायला बापू होतेच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळले. "सर, आणि बऱ्याच सूचना हाईत. मला काय लिव्हायला येत न्हाई नीट. तुमचं अक्षार चांगलं हाय."

मी फुलस्केप काढला. समास सोडला.

"लिव्हा. एक. बोटीला दोन्ही बाजूला आरसं पाहिजेत. दोन. मुक्कामी बोट पाहिजे, रातीला जाऊन सकाळी परत. तीन. फुडची एक शीट आमदारांसाठी राखीव. बसणार कोण न्हाई, पर राखीव पाहिजे." मग ते थांबले, छताकडं बघितलं. "बास. आत्ता एवढंच."

खाली जागा बरीच होती. बापू पेपर घेऊन गेल्यावर मी पेन परत उघडलं आणि त्याच अक्षरात लिहिलं: 'चार. राती जमिनीवरनं समुद्राकडं वारं सुटाय पाहिजे, दुपारी उलटं. म्हंजे पहाटची गाडी टायमात निघती.' खाली 'बापू' असं लिहून कागद वर पाठवला.

अर्ध्या तासानं ओंकार जिन्यावरून धडधडत खाली आला. कागद हातात, तोंडावर नुसता आनंद.

"काका, हे चार नंबरचं बघितलं? बापू जीनियस आहेत! पुढच्या अपडेटला नक्की टाकतो." आणि परत वर जाता जाता मधल्या पायरीवर थांबून म्हणाला, "तुम्ही पण अधनंमधनं असं काहीतरी सुचवत जा की."